दूर पल्ल्याचा विमानप्रवास : मार्ग, कंपनी व फ्रिक्वेंट फ्लायर योजना यांची निवड

व्यवसाय, शिक्षण किंवा कौटुंबिक कारणांनी वारंवार दूरदेशी जाणाऱ्या प्रवाशाला विमानमार्ग, विमानकंपनी आणि त्या कंपनीची सवलत-योजना या तीन गोष्टींची निवड करावी लागते. मोठ्या महानगरातील प्रवाशाला थेट विमाने उपलब्ध असतात. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) यासारख्या शहरातील प्रवाशाला मात्र प्रथम एखादे मोठे विमानतळ गाठावे लागते. त्यामुळे तेथे या निवडीचे महत्त्व अधिक आहे. वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींमुळे या शहरातून परदेशी जाणाऱ्यांत अभियंते व उद्योजक यांचाही समावेश असतो.

मार्ग : चिकलठाणा विमानतळापासून हवाई अंतराने मुंबई सु. २८० किमी., हैदराबाद सु. ४३० किमी. व दिल्ली सु. ९८० किमी. आहे. फ्रँकफुर्टला मुंबईमार्गे गेल्यास एकूण अंतर सु. ६,८५० किमी., तर दिल्लीमार्गे सु. ७,१०० किमी. भरते. हा फरक अल्प असल्याने येथे अंतरापेक्षा दोन विमानांमधील वेळ निर्णायक ठरतो. पूर्वेकडे जाताना स्थिती वेगळी असते. सिंगापूरचा प्रवास हैदराबादमार्गे केल्यास तो मुंबईमार्गापेक्षा सु. ४५० किमी.ने कमी होतो.

मुंबईत सांताक्रूझ व सहार येथील टर्मिनल इमारती एकमेकींपासून दूर असून त्यांच्यात रस्त्याने जावे लागते. नवी मुंबई येथील नव्या विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. म्हणून तिकिटावर केवळ शहराचे नव्हे, तर विमानतळाचे व टर्मिनलचे नावही पाहणे आवश्यक ठरते. मुंबईपर्यंत विमानाऐवजी रेल्वे किंवा ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झालेला समृद्धी महामार्ग हे पर्यायही आहेत. तथापि रस्त्यात किंवा रेल्वेस उशीर होऊन विमान चुकल्यास त्याची जबाबदारी विमानकंपनीवर येत नाही.

एक तिकीट व स्वतंत्र तिकिटे : संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असल्यास तो एक करार मानला जातो. पहिल्या विमानास उशीर होऊन पुढचे विमान चुकले, तर प्रवाशाची पुढील व्यवस्था करणे हे सामान्यतः कंपनीचे काम असते. भारत २००९ मध्ये सहभागी झालेल्या माँट्रिऑल करारानुसार अशा प्रवासातील देशांतर्गत टप्पाही आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा भाग गणला जातो. स्वतंत्र तिकिटे कित्येकदा स्वस्त पडतात; परंतु पुढचे विमान चुकल्यास नवे तिकीट स्वखर्चाने घ्यावे लागते. शिवाय देशांतर्गत टप्प्यावर बहुधा १५ किग्रॅ. सामानाचीच मुभा असल्याने जादा सामानाचा आकार द्यावा लागतो. परतताना भारतातील पहिल्या विमानतळावर सामान्यतः सामान ताब्यात घेऊन सीमाशुल्क तपासणी करून घ्यावी लागते. तेवढा वेळ हाताशी ठेवणे इष्ट होय.

फ्रिक्वेंट फ्लायर योजना : एकाच कंपनीने वारंवार प्रवास करणाऱ्यास गुण (पॉइंट) अथवा माइल देऊन पुढे त्यांच्या मोबदल्यात तिकीट देण्याची ही पद्धत होय. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये सुरू केलेल्या योजनेनंतर ती जगभर पसरली. पुढे स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९) व स्कायटीम (२०००) हे कंपन्यांचे संघ कार्यान्वित झाले. एअर इंडिया २०१४ मध्ये स्टार अलायन्समध्ये आली. संघातील एका कंपनीच्या प्रवासाचे गुण दुसरीच्या खात्यात जमा करता येतात. मात्र तिकिटाच्या वर्गानुसार त्यांचे प्रमाण बदलते. प्रारंभी गुण अंतरावर अवलंबून असत. डेल्टा व युनायटेड या कंपन्यांनी २०१५ मध्ये ते भाड्याशी जोडले. अशा पद्धतीत स्वस्त तिकिटावर गुण कमी मिळतात.

गुणाचे मूल्य साध्या हिशेबाने काढता येते. समजा, ३०,००० रुपयांचे तिकीट २०,००० गुण व ६,००० रुपये कर देऊन मिळते. तर एका गुणाचे मूल्य १ रुपया २० पैसे होईल. ४,००० गुणांसाठी ८,००० रुपये अधिक मोजून विशिष्ट कंपनीचे तिकीट घेतल्यास ४,८०० रुपयांच्या लाभासाठी ३,२०० रुपयांची हानी होते.

गुण ही बँकेतील ठेव नव्हे. त्यांचे मूल्य, मुदत व नियम कंपनी बदलू शकते. किंगफिशरची उड्डाणे २०१२ मध्ये बंद पडली. छत्रपती संभाजीनगरला सेवा देणारी जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिची गुणयोजना स्वतंत्र कंपनीकडे असल्याने ती त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ या नावाने पुढे चालू राहिली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाल्यावर तिच्या सदस्यांचे गुण ‘महाराजा क्लब’मध्ये वर्ग झाले. या तीन उदाहरणांवरून गुण साठवून ठेवण्यापेक्षा वेळीच वापरणे हितावह, असे दिसते.

सारांश, मर्यादित विमानसेवा असलेल्या शहरातील प्रवाशाने प्रथम विश्वसनीय जोडणी, नंतर एक तिकीट व एकूण खर्च आणि सर्वांत शेवटी गुण, असा क्रम ठेवणे युक्त ठरते.