आर्म वाकू द्या, पिन वाकू देऊ नका
आरसी ट्रकची देखभाल : लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण गिअरबॉक्स उघडून साफ केला आणि पिनियन-स्परमधली फट लावली. ताकद चाकांपर्यंत नीट पोचू लागली, की पुढचा प्रश्न येतो तो त्या चाकांना धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनचा आणि वळवणाऱ्या स्टिअरिंगचा. गाडी सर्वांत जास्त मार खाते ती इथेच. हौशी मंडळींचा पहिला मोठा खर्चही इथेच होतो, आणि पुष्कळदा तो नको त्या भागावर होतो. कारण एकच: मजबूत म्हणजे कडक, हा समज.

उदाहरणाला ट्रॅक्ससची स्लॅश घेऊ. अमेरिकेतल्या शॉर्ट कोर्स शर्यतींच्या ट्रकवरून बेतलेली ही १/१० प्रमाणातली गाडी २००८ मध्ये आली. ती जगभर इतकी खपली, की तिच्यासाठी सुटे भाग बनवणं हा एक स्वतंत्र धंदाच झाला. दुकानात पाहिलं तर निळे, लाल, चंदेरी ॲल्युमिनियमचे आर्म, म्हणजे चाक चासीला जोडणारे दांडे, लगेच नजरेत भरतात. हातात घेतले तर वजनदार लागतात, आणि मूळचे काळे नायलॉनचे आर्म त्यांच्यापुढे किरकोळ वाटतात. पैसे घालवण्याआधी थोडा हिशेब करू.

बॅटरीसकट अडीच किलोची गाडी ताशी ५० किलोमीटरने धावत असेल, तर तिच्यात सुमारे २४० ज्यूल ऊर्जा असते. तीच गाडी जवळजवळ दहा मीटर उंचीवरून खाली टाकली, तर जमिनीवर आदळताना तिच्यात एवढीच ऊर्जा असेल. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते. चाक फुटपाथच्या कडेवर बसलं, की ही ऊर्जा कुठेतरी जिरावीच लागते. ती जिरताना भाग एक सेंटिमीटर लवला तर सरासरी बल जेवढं असेल, त्याच्या दहापट बल तो एकच मिलिमीटर लवला तर येतं. क्षेत्ररक्षक जोरात आलेला झेल हात मागे नेत घेतो. नायलॉनचा आर्म तेच काम करतो.

ॲल्युमिनियमचा आर्म हात मागे नेत नाही. तो धक्का जसाच्या तसा पुढे ढकलतो: आधी हिंज पिनला, मग ती पिन धरणाऱ्या बल्कहेडला, आणि शेवटी चासीला. आर्म तुटला तर चार स्क्रू आणि अर्धा तास. बल्कहेड फुटला तर अर्धी गाडी उघडावी लागते. शिवाय वाकलेलं ॲल्युमिनियम आपणहून सरळ होत नाही. आर्म किंचित वाकला तरी चाकाचा कोन बिघडतो, गाडी एका बाजूला ओढू लागते आणि टायर एका कडेला झिजतात.

म्हणून या लेखांकातली मुख्य गोष्ट ही: आघात कुठे जिरवायचा आणि अगदीच तुटायचं झालं तर काय तुटू द्यायचं, हे आपण ठरवायचं. बाहेरचे, स्वस्त, चटकन बदलता येणारे भाग लवचीक ठेवायचे. आतले, फिरणारे किंवा आटे असलेले भाग पक्के करायचे.

लवचीक बाजूला येतात आर्म, पुढचा बंपर, शॉक टॉवर आणि चाकाची बेअरिंग धरणारे कॅरिअर. अमेरिकेतली आरपीएम ही कंपनी अशाच चिवट नायलॉनच्या भागांसाठी ओळखली जाते, आणि स्लॅशवाल्यांचा पहिला बदल पुष्कळदा तिच्या आर्मचाच असतो. नायलॉन हवेतला ओलावा शोषतं आणि त्यामुळे अधिक चिवट होतं. कोरड्या, कडक थंडीत ते ठिसूळ बनतं. बर्फाच्या प्रदेशातले लोक आर्म तडकल्याची तक्रार करतात ती यामुळे. कोकणच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत हा त्रास आपल्याला जवळजवळ नाही, आणि नायलॉनवर विश्वास टाकायला हे आणखी एक कारण आहे.

आता पक्क्या बाजूकडे. सुरुवात हिंज पिनपासून करा. आर्म याच पिनेवर वरखाली हलतो. पिन काढा, पुसा आणि काचेवर ठेवून बोटाने हलकेच लोटा. सरळ पिन एकसारखी घरंगळते. वाकलेली असेल तर अडखळते, आणि तिच्याखालून उजेडाची बारीक रेघ उघडझाप करताना दिसते. वाकडी पिन ठोकून सरळ करत बसू नका, कठीण पोलादाची नवी घाला. ती बसवल्यावर, शॉक सोडवलेला असताना, आर्म उचलून सोडला तर स्वतःच्या वजनाने खाली यायला हवा. अडत असेल तर भोकात मुरुमाचा कचरा असतो किंवा स्क्रू जास्त आवळलेला असतो.

पुढच्या चाकांत ५×११×४ मिलिमीटरची बेअरिंग असतात. दाबून हलवल्यावर खरखर लागली तर ती बदला, आणि रबर सीलची घ्या. आपल्याकडची लाल माती वस्त्रगाळ असते आणि ती पत्र्याच्या सीलला जुमानत नाही. बेअरिंग जाम झालं, की त्याच्या उष्णतेने कॅरिअरचं प्लॅस्टिक मऊ पडतं, आणि स्वस्तातला बिघाड महाग होतो.

शॉकच्या बाबतीत धातूवर केलेला खर्च वाया जात नाही. मोठ्या उडीनंतर प्लॅस्टिकचं टोपण आट्यांवरून निसटतं आणि तेल सांडतं. ॲल्युमिनियमचं टोपण हा त्रास कायमचा मिटवतं. मात्र तेल पातळ आणि स्प्रिंग मऊ असेल, तर गाडी दर उडीला पोट टेकवते आणि तो मार टॉवरला बसतो. सिलिकॉनचं थोडं जाड तेल भरा. पिस्टन सावकाश वरखाली करून बुडबुडे वर येऊ द्या, आणि ते पूर्ण निघेपर्यंत टोपण लावू नका.

स्टिअरिंगचं निदान तर फारच सोपं आहे. रिमोट आणि गाडी चालू करा, म्हणजे सर्वो (स्टिअरिंग फिरवणारी मोटर) आपली जागा धरून ठेवेल. आता पुढचं चाक बोटांनी डावी-उजवीकडे हलवा आणि हालचाल कुठपर्यंत पोचते ते पाहा. नकल (चाकासोबत वळणारा भाग) हलतो पण त्याला जोडलेली लिंक हलत नाही, तर गोळीचा सांधा झिजलाय. लिंक हलते आणि बेलक्रँक (सर्वोची हालचाल लिंकांकडे नेणारी तरफ) आपल्या खांबावर डुगडुगतो, तर त्याचं बुश गेलंय. जिथे हालचाल मरते, त्याच्या अलीकडचा सांधा दोषी. बहुतेक वेळा तो बेलक्रँक असतो. बुशच्या जागी बेअरिंग घातली किंवा बेअरिंगवर फिरणारा ॲल्युमिनियमचा बेलक्रँक बसवला, की गाडी सरळ धावू लागते. चाकं वळवणाऱ्या लिंक पोलादी टर्नबकलच्या केल्या, तर लिंक न सोडता मधली दांडी फिरवून चाकांची दिशा लावता येते.

सर्वो बदलताना धातूच्या गिअरचा घ्या; स्लॅशच्या वजनाला ९ ते १५ किलो-सेंटिमीटर टॉर्क पुरतो. हॉर्न (सर्वोच्या दांड्यावर बसणारी भुजा) घेताना दाते मोजा: फुटाबाच्या पद्धतीत २५, हायटेकमध्ये २४, सान्वामध्ये २३. तगडा सर्वो अडला की दोन-तीन अँपिअर खेचतो. स्पीड कंट्रोलरमधून तेवढा प्रवाह मिळाला नाही, तर रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि गाडी हाताबाहेर जाते. सर्वो सेव्हर मात्र काढू नका. त्याची स्प्रिंग नेमकी तेच करते जे नायलॉनचा आर्म करतो: धक्का सर्वोच्या गिअरवर जाऊ देत नाही. ढिलाई वाटली तर स्प्रिंग कडक घाला.

एक अपवाद नोंदवायला हवा. एससीएक्स१० सारखे क्रॉलर दगडांवरून चालत्या माणसाच्या वेगाने चढतात. ताशी ५ किलोमीटरला ऊर्जा ५० किलोमीटरच्या ऊर्जेच्या शंभराव्या भागाइतकीच असते. तिथे धातूच्या लिंक खडकावर घासल्या तरी टिकतात, आणि पितळी नकलचं वजन गाडीचा तोल खाली आणतं. त्या गाडीत जे योग्य, ते स्लॅशमध्ये योग्य असेलच असं नाही.

जोडताना दोन सवयी लावून घ्या. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू घालताना आधी तो उलटा फिरवा. टक् करून जुन्या आट्यात बसला, की मगच आवळा. एवढ्याने आटे जाणं बरंच कमी होतं. थ्रेडलॉक फक्त धातू-धातूच्या जोडाला लावा, काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

एकदम सगळं बदलू नका. या आठवड्यात पिना आणि बेलक्रँक तपासा, जे गेलं असेल तेवढंच बदला. आर्म तुटेल तेव्हा चिवट नायलॉनचा घाला, आणि एक जोडी जादा ठेवा. तुटलेला प्रत्येक भाग टाकून देण्याआधी नीट पाहा: स्वस्त भाग तुटून महाग भाग वाचला असेल, तर तुमची मांडणी बरोबर आहे.

पुढच्या लेखांकात : टायर, फोम आणि चाकाचे हेक्स.