फुलांमधली मोकळी वाळू

पहाटे 4.30

गजर वाजायच्या आधीच जाग येते. मार्च 2019, होळी आठवड्यावर आलेली. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, अँझा-बोरेगोच्या वाळवंटात बोरेगो स्प्रिंग्ज नावाचं छोटं गाव आहे. गावात एकही ट्रॅफिक सिग्नल नाही आणि रात्री दिवे लावण्यावर बंधनं आहेत. अंधार जपणारं गाव म्हणून 2009 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. खोलीबाहेर पाऊल टाकलं की आग्नेयेला आकाशगंगा पांढुरकी पसरलेली दिसते. कॅमेरा बाहेर काढायचा मोह होतो, पण आजचं काम वेगळं आहे. लेक थर्मासमध्ये चहा भरते, मी रात्री चार्ज केलेल्या बॅटऱ्या मोजून घेते. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. वाळवंटात दिवसभर टिकेल असं दुसरं खाणं मला अजून सापडलेलं नाही.

सॅन दिएगोहून ही जागा दोन तासांवर. गेली चौदा वर्षं मी दर वसंतात इथं येते. बहुतेक वर्षी फुलं जेमतेम असतात, कधी नसतातच. वर्षाचा सगळा पाऊस मिळून पाच-सहा इंच, तोही पडला तर. यंदा मात्र शरदापासून पाऊस बेतानं पण वेळेवर येत गेला. 2017 नंतर दोनच वर्षांत असा बहर पुन्हा येईल, असं वाटलं नव्हतं.

5.30

फाँट्स पॉइंटकडे जायला डांबरी रस्ता सोडून कोरड्या ओढ्याच्या पात्रातून चार मैल आत जावं लागतं. वाळू भुसभुशीत. टायरमधली हवा थोडी कमी करायची, गाडी सावकाश पण न थांबवता चालवायची. थांबलात की रुतलात.

कड्यावर पोचतो तेव्हा झुंजुमुंजू झालेलं असतं. खाली बोरेगो बॅडलँड्स: पाण्यानं कोरून काढलेल्या मातीच्या टेकड्या, घळई मागून घळई, एखादी गोधडी चुरगळून टाकावी तशा. इथं एकेकाळी पाणी होतं, गवत होतं. या थरांमध्ये मॅमथची हाडं सापडली आहेत. ज्यांच्या नावानं हा कडा ओळखला जातो, ते पेद्रो फाँट हे धर्मगुरू स्पॅनिश मोहिमेचा नेता अँझा याच्या तांड्याबरोबर 1775 च्या डिसेंबरात या भागातून गेले. डिसेंबरात! म्हणजे फुलं त्यांना दिसली नसणार. याची मला दरवेळी हळहळ वाटते.

कड्याची माती ठिसूळ आहे. ट्रायपॉड कडेपासून दोन पावलं आत, आणि लेकीला त्याच्याही मागे. सूर्य सातला पाच-सहा मिनिटं कमी असताना वर येतो. खरं चित्र त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत असतं. सावल्या अजून निळसर असतात आणि टेकड्यांच्या फक्त माथ्यांवर गुलाबी येऊ लागतं. ऊन पूर्ण आलं की पंधरा-वीस मिनिटांत सगळं सपाट होतं. मी सात वेळा शटर दाबते. त्यातली दोन चित्रं उपयोगी पडतील.

8.00

हेंडरसन कॅनियन रोड. आजचा खरा दिवस इथून सुरू होतो.

रस्त्याच्या उत्तरेला जांभळ्या सँड व्हर्बिना जमिनीसरशी पसरल्या आहेत. त्यांच्यात गुडघाभर उंचीची पिवळी डेझर्ट सनफ्लॉवर आणि मध्ये मध्ये ड्यून इव्हनिंग प्रिमरोझची पांढरी, तळहाताएवढी फुलं. ही प्रिमरोझ संध्याकाळी उमलते, रात्रभर जागते आणि ऊन तापलं की मिटते. म्हणून तिला पहिला मान. दहापर्यंतच वेळ आहे.

कामाची पद्धत अशी. आधी कॅमेरा पिशवीत ठेवून चालायचं आणि पाय कुठे टेकेल ते बघायचं. दोन फुलझाडांमध्ये नुसती वाळू दिसते, पण बारकाईनं पाहिलं तर तिथं नखाएवढी रोपं असतात. इथले जाणते त्यांना ‘पोटाची फुलं’ म्हणतात, कारण ती बघायला पोटावर झोपावं लागतं. पहिल्या वर्षी हे मला ठाऊक नव्हतं. एका लिलीसाठी मी गुडघे टेकले आणि उठल्यावर पाहिलं तर खाली वूली डेझीची सहा-सात इवलीशी पिवळी फुलं चिरडली होती. ती बी धरायच्या आधीच गेली. तेव्हापासून हात-दीड हात लांबीची एक जाड चटई बाळगते, आणि ती टाकायच्या आधी जागा बोटांनी चाचपून घेते. चटईपुरती निखळ वाळू मिळाली नाही तर ते चित्र सोडून देते.

आज एक डेझर्ट लिली मिळाली. तिचा कांदा जमिनीत खोल असतो. पाऊस नसेल त्या वर्षी ती वर येतच नाही, खालीच दम धरून राहते. पानं लांब, काठाला झालर लावल्यासारखी मुरडलेली. पाकळ्या पांढऱ्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर मधोमध हिरवट रुपेरी रेघ. सूर्य फुलाच्या मागे घेतला की ती रेघ आतून दिसते, तेव्हा पाकळी कागदासारखी न वाटता ओली, जिवंत वाटते. मी 100 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स लावते. लेक पांढरा डिफ्युजर धरून उभी, तिची सावली फुलावर पडणार नाही अशा बेतानं.

“आई, वारा थांबलाय. आत्ता!”

वारा थांबतो तो तीन-चार सेकंद. तेवढ्यात एकामागून एक आठ चित्रं, प्रत्येकात फोकस केसभर पुढे. घरी ती एकावर एक जोडली की केसरापासून मागच्या पाकळीपर्यंत सगळं स्पष्ट येईल. पाचव्याला फूल हललं. पुन्हा पहिल्यापासून. या एका फुलापाशी पाऊण तास गेला, आणि मला तो जास्त वाटत नाही.

9.30

रस्त्याकडेला गाड्यांची रांग लागली आहे. एक आजोबा माझ्याजवळ येऊन विचारतात, तो सुपरब्लूम, म्हणजे फुलांचा महाबहर, नेमका कुठे आहे? ते त्याच्या मधोमध उभे होते. त्यांनी पाहिलेल्या फोटोत फुलांचा अखंड गालिचा होता, वाळूचा कणही दिसत नव्हता.

तो गालिचा कसा होतो, ते मला ठाऊक आहे. कॅमेरा जमिनीलगत आणायचा, लांब पल्ल्याची लेन्स लावायची, म्हणजे पुढचं फूल आणि शंभर फुटांवरचं फूल एकमेकांना चिकटून दिसतं. मधली वाळू नाहीशी होते. मीही असे फोटो काढले आहेत, छापूनही आले आहेत. आता काढत नाही. गालिचा पाहून आलेला माणूस तो शोधत आत आत जातो, आणि त्याच्या बुटांखाली खरं वाळवंट जातं. साताऱ्यात वाढल्यामुळे हे मी कासच्या पठारावर आधीच पाहिलं होतं. जांभ्यावरची बोटभर माती, तिच्यावरची तेवढीच फुलं, आणि गाड्या पार फुलांपर्यंत नेणारे लोक. सातारा आणि बोरेगो यांच्यात पाऊस, माती, ऋतू यांपैकी काही सारखं नाही, पण पायाखाली काय जातं ते सारखंच आहे.

आजोबांना मी चटईवर बसायला सांगते आणि समोरची वूली डेझी दाखवते. ते चष्मा काढून वाकतात. बराच वेळ काही बोलत नाहीत. मग हाक मारून बायकोला बोलावतात, आणि तिला सांगतात, जपून, माझ्याच पावलांवर पाऊल ठेवून ये.

10.30

वारा उठला. प्रिमरोझ गुलाबी पडून मिटल्या. पण मला इथं आणखी एक काम आहे, आणि ते सुंदर नाही.

रस्त्यापासून थोडं पूर्वेला जमीन हिरवीगार दिसते. कंबरेएवढी, फांद्या पसरलेली रोपं, टोकाला बारीक फिकट पिवळी फुलं. ही सहारा मोहरी. मोहरीचीच सख्खी नातलग, मूळ उत्तर आफ्रिका आणि आखाताकडची. 1920 च्या दशकात ती इथल्या कोचेला खोऱ्यात आढळली आणि मग पसरत गेली. थोडक्या पावसावरही ती आधी उगवते, भराभर वाढते, खालच्या रोपांचं ऊन आणि ओल खाऊन टाकते. एका झाडाला हजारो बिया, आणि भिजलं की बी चिकट होतं, टायरला, बुटाला चिकटून पुढे जातं. स्वयंसेवक थंडीत येऊन ती हातानं उपटतात. अँझा-बोरेगोच्या एवढ्या मोठ्या उद्यानात, सहा लाख एकरांवर पसरलेल्या, हातानं!

इथं मी सरळ वरून चित्र घेते. ट्रायपॉडचा मधला दांडा आडवा करून कॅमेरा जमिनीकडे तोंड करून टांगायचा. एक चित्र मोहरीच्या रानाचं: काठोकाठ हिरवं, वाळू कुठेच नाही, दुसरं फूलही नाही. दुसरं पन्नास पावलांवरचं, तेवढ्याच चौकटीत: एक व्हर्बिना, दोन सूर्यफुलं, एक मिटलेली प्रिमरोझ, आणि निम्म्याहून जास्त मोकळी वाळू. तिथं रिकामं काही नाही. पुढच्या पावसांची बियाणं त्या वाळूतच आहेत. काहींच्या सालीत उगवण रोखणारी द्रव्यं असतात. भरपूर पावसानं ती धुऊन निघाल्याशिवाय बी हलत नाही. शिंतोड्याला ते फसत नाही. दहा-दहा वर्षं थांबायची त्याची तयारी असते. भरगच्च हिरवा दिसतो तो तुकडा मरतोय आणि विरळ दिसतो तो धडधाकट आहे, हे लोकांना शब्दांत पटत नाही. शेजारी ठेवलेल्या या दोन चित्रांत पटेल, अशी माझी आशा आहे. आजच्या दिवसातलं हेच काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

दुपारी 1.00

ऊन रखरखीत, फोटोला निरुपयोगी. सावलीत गाडी लावून दशम्या. लेन्सवरची धूळ आधी फुंकणीनं उडवायची, मगच कापड; उलट केलंत तर वाळूचा कण काचेवर ओरखडा ठेवून जातो. लेन्स बदलायची ती गाडीत, काचा बंद करून. लेक तासभर झोपते.

3.30

गाडी ताशी पंधरा मैलांवर, कारण रस्त्यावरून सुरवंट चालले आहेत. बोटाएवढे, हिरवे-काळे, शेपटीला एक शिंग. हॉक मॉथ या पतंगाचे. बहराच्या वर्षी ते एवढे होतात की फुलांचे पट्टेच्या पट्टे फस्त करतात. आणि त्यांच्यावर ताव मारायला स्वेन्सन्स हॉक उतरतात, दक्षिण अमेरिकेतून उत्तरेला परतणारे शिकारी पक्षी. वरून पेंटेड लेडी फुलपाखरांची रांग वायव्येकडे चालली आहे. यंदा ती सगळ्या दक्षिण कॅलिफोर्नियाभर दिसतात. एकेक फुलपाखरू सुटं सुटं, पण मिनिटभर पाहिलं तरी रांग तुटत नाही.

ओकोटियोच्या काटेरी छड्या पावसानंतर पानांनी भरल्यात, प्रत्येकीच्या टोकाला लाल फुलांचा तुरा. उन्हासमोर धरून तीनच चित्रं घेते. हमिंगबर्ड चौकटीत आला नाही.

6.15

इथं पश्चिमेला डोंगर आहेत, त्यामुळे सूर्यास्ताच्या बरंच आधी दरीत सावली पडते. नवखे लोक पंचांगातली वेळ धरून येतात आणि चुकतात. पण ही सावली फुलांना मानवते. जांभळा रंग आता खरा दिसतो, उन्हात तो फिकटतो.

मी सकाळच्या जागी परत आले आहे. एकच प्रिमरोझचं झाड, आजूबाजूला वाऱ्यानं लाटा उठवलेली वाळू, मागे काळे पडत चाललेले डोंगर. 24 मिलिमीटर, अ‍ॅपर्चर 16, फूल चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात. बाकी सगळं वाळवंट. ही चित्रं मागवणाऱ्या संपादकांनी मागे एकदा माझं असंच चित्र “फार रिकामं वाटतं” म्हणून परत केलं होतं. या वेळी हेच पहिलं पाठवणार आहे, आणि खाली कारणही लिहिणार आहे.

7.20

कळी उमलायला लागली. आधी एक पाकळी सुटते, थरथरते, मग उरलेल्या. वास येतो, हलका, गोडसर. मी कॅमेरा बंद करते, लेकीला जवळ बोलावते. दोघी चटईवर दाटीवाटीनं बसतो.

हॉक मॉथ आला तो आवाजानंच कळला. फुलासमोर हवेत थांबला, सोंड आत घातली, पुढच्या फुलाकडे गेला. दुपारी रस्त्यात ज्या सुरवंटासाठी ब्रेक लावला तोच वाळूत शिरून, कोशातून निघून काही आठवड्यांनी असा परत येतो.

“आई, म्हणजे तो जी फुलं खातो, त्यांचंच काम करतो?”

“हो गं.”

8.30

खोलीच्या पायरीवर चटई उलटी करून झटकतो, बुटांचे तळवे जुन्या दातघासणीनं घासतो. निघालेली धूळ लेक कागदावर गोळा करते, टॉर्च धरून बघते. त्यात दोन लालसर तपकिरी, मोहरीहून बारीक बिया आहेत. ती कागदाची पुडी बांधते, टेपनं बंद करते आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकते.