खुंटीचं माप : रबराने की कॅमेऱ्याने?

रूट कॅनाल झालेला दात तुटून हिरडीलगत थोडाच उरला, तर कॅपला आधार राहत नाही. मग मुळाच्या नळीत बारीक खुंटी बसवून तिच्यावर कॅप धरणारा गाभा उभारतात. या खुंटीला दंतवैद्य ‘पोस्ट’ म्हणतात. फायबरच्या तयार पोस्ट मिळतात. पण नळी रुंद किंवा लंबगोल असेल तर त्या सैल बसतात. अशा वेळी त्या दातापुरती पोस्ट घडवावी लागते आणि त्यासाठी नळीचं माप हवं.

जुन्या पद्धतीत नळीत पातळ सिलिकॉन रबर सोडतात, मधे प्लास्टिकची काडी धरतात आणि काही मिनिटांनी घट्ट झालेला ठसा अलगद ओढून काढतात. त्यावरून लॅबमध्ये पोस्ट ओततात. बुडबुडा राहिला किंवा टोक फाटलं, की पुन्हा पहिल्यापासून. तोंडात ट्रे जाताच ज्यांना उमासे येतात, त्यांना ही शिक्षाच.

स्कॅनरने हा त्रास वाचतो. चित्र लगेच पडद्यावर येतं, चूक तिथल्या तिथे दिसते. अडचण एकच : प्रकाश पोहोचतो तेवढंच स्कॅनरला दिसतं. कॅपसाठी घासलेला दात उघडा असतो. नळी म्हणजे अरुंद, अंधारी विहीर. पोस्ट बऱ्याचदा ८-१० मिलिमीटर खोल जाते. तळाशी चित्र धूसर होतं, लाळेचा किंवा रक्ताचा थेंब असेल तर आणखीच. त्यामुळे आखूड, रुंद नळीला स्कॅनर चांगला. खोल, अरुंद नळीला रबर अजूनही भरवशाचं. काही जण रबराचा ठसा घेऊन तोच लॅबमध्ये स्कॅन करतात. जाहिरातीत शोभत नाही, पण हा मधला मार्ग व्यवहारी आहे.

माप चुकलं तर काय? पोस्ट सैल झाली तर कॅपसकट निघून येते. घट्ट झाली आणि जोर लावून बसवली, तर मूळ उभं चिरू शकतं. तसा दात बहुधा काढावाच लागतो. म्हणून सिमेंट लावण्याआधी पोस्ट जोर न लावता बसते का, हे पाहतात.

पोस्टने दात मजबूत होतो, हा मात्र गैरसमज. हिरडीवर चहूबाजूंनी सुमारे २ मिलिमीटर निरोगी दात उरला असेल आणि कॅपने त्याला कडं घातलं असेल, तर तो जास्त टिकतो. तेव्हा स्कॅनर आहे का, याआधी दात किती उरलाय हे विचारावं. आणि माप दिल्यावर पुढची तारीख चुकवू नये. तात्पुरत्या भरणाखालून लाळ झिरपली, तर रूट कॅनालच पुन्हा करण्याची वेळ येऊ शकते.