प्रसूती आणि स्त्रीरोग : काही शब्दांची ओळख

विषयाचे नाव ऐकून कोणी चपापले असेल, तर त्यात नवल नाही. ज्या गोष्टींविषयी चारचौघांत बोलायचे नसते, त्यांना आपण आडनावे ठेवीत आलो. पाळी आली असे न म्हणता ‘कावळा शिवला’ म्हणायचे, ‘बाजूला बसली’ म्हणायचे. घरात हे चालून जाते. डॉक्टरांसमोर मात्र आडून बोलणे महाग पडते. ‘जरा त्रास होतो’ एवढेच सांगणाऱ्या बाईचा नेमका कोणता त्रास, हे कळेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. म्हणून या विद्येतले थोडे शब्द आपण समजून घ्यावेत, असे आम्हांस वाटते.

शब्दाने काय फरक पडतो, हे पनवेलकरांना निराळे सांगावयास नको. गाढी नदीच्या खोऱ्यात, नेरे येथे, कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. ज्या रोगाला पूर्वी ‘महारोग’ म्हणत, त्याचे नाव काढताच माणसे दूर सरत आणि रोगी रोग लपवीत असे. ‘कुष्ठरोग’ हा शब्द रुळला, तो औषधाने बरा होतो हे लोकांना पटत गेले, तसे रोगी लवकर पुढे येऊ लागले. काम अर्थात औषधाने केले. पण औषधापर्यंतची वाट सरळ नावामुळे सोपी झाली. स्त्रियांच्या दुखण्यांचेही तसेच आहे.

या विद्येच्या दोन शाखा. गर्भारपण, बाळंतपण आणि त्यानंतरचे सहा आठवडे पाहते ते प्रसूतिशास्त्र. एरवीची पाळीची, गर्भाशयाची व बीजकोशांची दुखणी पाहते ते स्त्रीरोगशास्त्र. आनंदीबाई जोशी 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. स्वतःचे मूल दहा दिवसांत गमावलेल्या त्या बाईने हा विषय उघड मांडला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

प्रथम अवयवांची नावे घेऊ. बोलीत आपण सरसकट ‘पिशवी’ म्हणतो. गर्भाशय उलट्या टांगलेल्या पेरूच्या आकाराचे व साधारण तेवढेच असते. त्याचा खालचा निमुळता भाग म्हणजे गर्भाशयाचे मुख. ते योनीत उघडते. वरच्या दोन बाजूंनी दोन गर्भनलिका निघतात आणि त्यांच्या टोकांशी दोन बीजकोश असतात. बीजकोश दर महिन्यास बीज सोडतात, तसेच पाळी नियमित ठेवणारे व हाडे बळकट राखणारे स्रावही करतात.

‘पिशवी’ हा शब्द गैर नाही, पण तो फसवा आहे. पिशवी म्हटले की रिकामी झाली, आता काढून टाकावी, असे मनात येते. 2019 साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ही शस्त्रक्रिया कधी कधी अगदी आवश्यक असते, हे खरेच. परंतु ती ठरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले पाहिजेत: ‘औषधाने भागणार नाही काय?’ आणि ‘नुसते गर्भाशय काढणार की बीजकोशही?’ तरुण वयात दोन्ही बीजकोश काढले, तर पाळी जाण्याचे वय एकदम येऊन ठेपते आणि हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात. एका शब्दात झाकलेला हा फरक बाईला जन्मभर पुरतो.

आता गर्भारपणाकडे वळू. ‘दिवस गेले’ हा आपला शब्द मोठा गोड आहे. प्रश्न आहे तो दिवस मोजावेत कोठून हा. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण तेवढीच तारीख बाईला नक्की ठाऊक असते. त्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवावेत. पाळी 10 जूनला आली असेल, तर बाळंतपणाची अंदाजी तारीख 17 मार्च. आपल्या आजीबाईंचे ‘नऊ महिने नऊ दिवस’ या हिशेबाच्या किती जवळ आहेत पाहा! मात्र गर्भ प्रत्यक्षात राहतो तो साधारणतः पाळीनंतर दोन आठवड्यांनी. त्यामुळे लग्नाला सहा आठवडे झालेले आणि कागदावर आठ आठवडे लिहिलेले, असे सहज घडते. हिशेबाची ही रीत ठाऊक नसली, तर नव्या सुनेवर नाहक संशय येतो.

असाच घोटाळा कागदावरील अक्षरांचा. ‘जी 3, पी 1, ए 1, एल 1’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ: गर्भ राहण्याची ही तिसरी वेळ, एक बाळंतपण झालेले, एक गर्भपात झालेला, एक मूल हयात. यातील ‘ए’ म्हणजे ‘ॲबॉर्शन’. लोक समजतात, मुद्दाम पाडलेला गर्भ. पण वैद्यकाच्या परिभाषेत आपोआप पडलेल्या गर्भालाही हाच शब्द आहे. ज्या बाईने मूल गमावले, तिलाच त्या अक्षरापायी बोल लावणे हा दुहेरी अन्याय होय.

वारंवार होणाऱ्या अशा गर्भपाताच्या एका प्रकारावर उपाय काढणारा माणूस आपल्यातलाच. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे मूळचे गोव्यातील शिरोड्याचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते प्राध्यापक होते. काही स्त्रियांत गर्भाशयाचे मुख दुबळे असते व चौथ्या-पाचव्या महिन्यात कळांवाचूनच उघडते. त्या मुखाभोवती टाका घालून ते आवळून धरण्याची रीत त्यांनी 1955 साली प्रसिद्ध केली. टाक्यासाठी ते मांडीच्या स्नायूंवरील पापुद्र्याची पट्टी वापरीत. जगभरचे डॉक्टर ‘शिरोडकर टाका’ असे म्हणतात.

बाळंतपणाच्या बाबतीत आपली बोली मुळीच कमी पडत नाही. कळा, पाणमोट, नाळ, वार, पायाळू मूल हे सुईणींनी सांभाळलेले शब्द नेमके आहेत. ते डॉक्टरांपुढे खुशाल वापरावेत. ‘पाणमोट पहाटे फुटली, पाणी हिरवट होते’ एवढे एक वाक्य डॉक्टरांना पुष्कळ सांगून जाते. कळा नसतानाही पाणमोट फुटली, तर घरी थांबू नये. मूल जन्मल्यावर वार बहुधा अर्ध्या तासाच्या आत पडते. ती अडकली किंवा रक्त थांबेना, तर वाट पाहण्यास वेळ नसतो. अर्धा लिटर रक्त जाणे हीच धोक्याची खूण मानतात.

दुसरा शब्द ‘आकडी’. गर्भारपणाच्या उत्तरार्धात डोके सारखे ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोंडावर व हातांवर सूज चढते, रक्तदाब वाढतो आणि मग झटके येतात. याला ‘एक्लॅम्प्सिया’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘एकाएकी चमकून उठणे’. आपल्याकडे ‘बाहेरचे काही लागले’ असे म्हणून अंगारा शोधण्यात घटका जातात, आणि बाईचा जीव त्या घटकांवरच अवलंबून असतो. रक्तदाब मोजला, लघवी तपासली, तर आकडीची चाहूल बहुधा आधी लागते. दर भेटीत या दोन तपासण्या होतात त्या यासाठीच.

शेवटी पाळी गेल्यानंतरच्या वयाविषयी. पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ‘पाळी परत आली’ म्हणून घरी बसू नये. तो दाखविण्याजोगा आजार समजावा. ‘अंगावरून जाणे’ या शब्दाखालीही पांढरे की तांबडे, दुर्गंधी आहे की नाही, संबंधानंतर रक्त येते काय, हे सांगितले पाहिजे. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर अशाच खुणांनी दिसतो, आणि खुणा दिसण्यापूर्वीही तपासणीत सापडू शकतो. 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. ज्या गटाची एच.पी.व्ही. विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, त्या गटात या कॅन्सरने झालेले मृत्यू नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्या गटाच्या मानाने जवळजवळ निम्मे होते. आपल्याच खेड्यांतील स्त्रियांनी ही गोष्ट जगाला दाखवून दिली.

या साऱ्याचे सार थोडक्यात सांगतो. पाळीची तारीख लिहून ठेवावी. केव्हापासून, किती आणि कोणत्या रंगाचे, हे न लाजता सांगावे. कागदावरील अक्षर कळले नाही, तर विचारावे. आणि पुरुषश्रोत्यांस विनंती अशी की, हे शब्द त्यांनीही शिकावेत. नेऱ्याच्या आरोग्य केंद्रापर्यंत किंवा पनवेलच्या रुग्णालयापर्यंत गाडी बोलावण्याचा निर्णय पुष्कळ घरांत अजून तेच घेतात. आणि जी गोष्ट ऐकावयासही संकोच वाटतो, तिच्यासाठी मध्यरात्री गाडी बोलावली जात नाही.