थांबले म्हणजे दमले असे नाही

बौद्धिक अक्षमता असलेले मूल शटल रनमध्ये (२० मीटरवरच्या दोन रेषांमध्ये बीपच्या तालावर वाढत्या वेगाने धावण्याची चाचणी) दुसऱ्याच मिनिटाला थांबले, की ‘याच्यात दमच नाही’ असा शेरा पडतो. शारीरिक सुदृढता म्हणजे हृदय-फुप्फुसांची क्षमता, स्नायूंची ताकद, लवचिकता आणि शरीरातील चरबीचे प्रमाण. ही चाचणी मात्र सूचना समजणे, बीपशी वेग जुळवणे, दम लागल्यावरही का पळायचे हे उमगणे, एवढे सगळे नकळत मोजते. काखेत नीट न धरलेल्या थर्मामीटरचा आकडा तापाचा नसतो, तसाच या चाचणीचा आकडाही दमाचा नसतो. म्हणून आधी सराव द्यावा, करून दाखवावे, सोबत धावायला कोणी तरी असावे. ब्रॉकपोर्ट या सुदृढता-चाचणीसंचात अशा मुलांसाठी २० ऐवजी १६ मीटर अंतराचा पर्याय आहे.

सराव आणि सोबतीमुळे निकाल फुगेल, ही शंका रास्त आहे. पण सोबती फक्त वेग दाखवतो, पळतात ते मुलाचेच पाय. शिवाय चाचणी नीट घेतली तरी या मुलांची सुदृढता सरासरीने कमीच आढळते, हेही नाकारू नये. डाउन सिंड्रोममध्ये (२१ व्या गुणसूत्राची जादा प्रत) तर हृदयाची कमाल गतीच कमी असते; तिथे वयावरून काढलेले नाडीचे नेहमीचे लक्ष्य चालत नाही. निकाल लिहिताना शिक्षकांनी सराव किती दिला, सोबती होता का, हेही आकड्याशेजारी नोंदवावे.