चिखलात उतरणारा पाय

मृगाचा पाऊस मुरला की यवतमाळच्या काळ्या रानात नुसते चालणे हेही एक काम होऊन बसते. चार पावलांत तळव्याखाली मातीचा थर चढतो. पाय उपसायचा तर घोटा वळावा लागतो, धुऱ्यावरून जाताना पाऊल तिरपे पडते, आणि निंदायला उकिडवे बसावेच लागते. ज्याचा पाय अपघातात किंवा मधुमेहाच्या जखमेने गेला आहे, त्याला पांदणीतून वावरापर्यंत नेईल तोच कृत्रिम पाय इथे कामाचा. दवाखान्याच्या फरशीवर तो कितीही डौलात चालला, तरी पेरणीच्या दिवसांत त्याचा काय उपयोग?

जयपूर फूट जन्माला आला तो नेमका याच प्रश्नातून.

साठच्या दशकात आपल्या मोठ्या रुग्णालयांत परदेशी धर्तीचा ‘सॅच’ पाय बसवला जाई. त्याच्या आत लाकडी गाभा, टाचेला मऊ ठोकळा आणि घोटा ताठ. बुटात घालायचा आणि खुर्चीवर बसायचे, अशा राहणीसाठी तो ठीक होता. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातले अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांना मात्र वेगळेच दिसत होते. रुग्ण नवा पाय घेऊन जात आणि काही दिवसांनी पुन्हा कुबड्यांवर दिसत. बूट घालून शेतात उतरता येत नव्हते, देवळात जाता येत नव्हते, मांडी घालता येत नव्हती. पाणी लागले की पाय खराब होई.

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर कुष्ठरुग्णांना हस्तकला शिकवत. शाळा फारशी झालेली नव्हती, पण हातात मूर्तिकाराची नजर होती. टायरवर नवे रबर चढवताना पाहून त्यांना वाट सापडली, असे सांगतात. शर्मांची कारागिरी आणि डॉ. सेठी व त्यांच्या सहकाऱ्यांचे वैद्यकीय ज्ञान यांच्या मेळातून १९६८ मध्ये हा पाय तयार झाला. डॉ. सेठींना १९८१ साली रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचे नाव लोकांपर्यंत पोहोचायला जास्त वेळ लागला.

हा पाय उभा कापून पाहिला तर आत तीन ठोकळे दिसतात. टाचेचा आणि चवड्याचा ठोकळा स्पंजासारख्या मायक्रोसेल्युलर रबराचा. हवाई चपलेचा तळ ज्याचा असतो, त्याच जातीचे हे रबर. घोट्याजवळचा ठोकळा लाकडी, त्यातून वरच्या नळीला जोडणारा बोल्ट जातो. या तिघांभोवती टायरमध्ये वापरतात तसल्या दोऱ्याचे रबरी पट्टे गुंडाळायचे, वरून कातडीच्या रंगाचे रबर चढवायचे आणि सगळे ॲल्युमिनियमच्या साच्यात घालून भाजायचे. साच्यातून बाहेर येतो तो बोटे असलेला अख्खा, जलरोधक पाय. टाचेचा आणि चवड्याचा ठोकळा मऊ असल्याने तो आत-बाहेर, वर-खाली वाकतो, खडबडीत जमिनीशी जुळवून घेतो आणि उकिडवे बसू देतो. तो घालून अनवाणी चालले तरी चालते.

पायाचा वरचा भाग सुरुवातीला ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, ठोकून केलेला असे. पुढे त्याची जागा एचडीपीई पाइपने घेतली. तुषार सिंचनासाठी वावरात अंथरतात, त्याच प्लास्टिकचा हा पाइप. कापलेल्या पायावर प्लास्टरची पट्टी गुंडाळून आधी माप घेतात. त्या पोकळ मापात प्लास्टर ओतून पायाची हुबेहूब प्रतिकृती काढतात आणि जिथे हाड टोचेल, तिथे ती कानसून किंवा भर घालून दुरुस्त करतात. मग भट्टीत मऊ झालेला पाइप हातमोजे घातलेले कारागीर त्या प्रतिकृतीवर ओढतात. पाइप थंड व्हायच्या आत वळण बसले पाहिजे; हात चुकला तर नवा तुकडा घ्यायचा. कडा घासल्या, पट्टा लावला, पाऊल जोडले की माणूस दोन समांतर दांड्यांच्या मधे उभा राहतो. गुडघ्याखालचा पाय बहुधा एक-दोन दिवसांत हातात पडतो.

तरीही पहिल्या सात वर्षांत जेमतेम साठ माणसांपर्यंतच हा पाय पोहोचला. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि मोफत पाय, गावोगावची शिबिरे ही पद्धत रूढ झाली. सुरुंगांनी पाय गमावलेल्या अफगाणांपर्यंतही तो गेला. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन यांनी १९८१ च्या अपघातात पाय गमावला आणि जयपूर फूट बसवून त्या पुन्हा मंचावर उभ्या राहिल्या, तेव्हा तो घराघरांत माहीत झाला.

पाण्याचा हाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकाला, पाय गमावूनही लाटांवर स्वार होणाऱ्यांना सोडवावा लागला. अमेरिकेत स्वतः पाय गमावलेल्या डेना कमिंग्ज यांनी २००३ मध्ये ‘ॲम्पसर्फ’ ही संस्था काढली. २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या ला होया येथे दिव्यांग सर्फरांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तिला १८ देशांचे खेळाडू आले. तिथल्या अडचणी खाऱ्या पाण्याच्या: लोखंड गंजते, सांध्यात वाळू शिरते आणि पोकळ पायात हवा राहिली तर तो वर तरंगून माणसाचा तोल घालवतो. म्हणून काही पायांना पाणी आत-बाहेर होण्यासाठी मुद्दाम भोके ठेवतात. गुडघा शाबूत असेल तर फळीवर उभे राहणे शक्य होते. नसेल तर अनेक जण गुडघ्यावर बसून किंवा पालथे पडून लाट घेतात, आणि स्पर्धेत त्यांचे गट वेगळे असतात. तरणतलावात नियम आणखी कडक. तिथे स्पर्धेला कृत्रिम अवयव चालतच नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या सुयश जाधव यांनी विजेच्या धक्क्यात दोन्ही हातांचा पुढचा भाग गमावला. २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे सुवर्ण त्यांनी जिंकले, ते उरलेल्या हातांच्या बळावर.

जयपूर फूटला मर्यादा आहेत. तो हाताने घडतो, त्यामुळे दोन पाय अगदी सारखे निघत नाहीत. धावपटूंच्या कार्बनच्या पात्यासारखी उसळी त्यात नाही. मांडीतून पाय गेला असेल तर गुडघ्याचा सांधाही कृत्रिमच लागतो. त्यासाठी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांसोबत घडवलेला स्वस्त ‘जयपूर नी’ २००९ मध्ये ‘टाइम’च्या उत्कृष्ट शोधांच्या यादीत आला.

सगळ्यात मोठी अडचण पाय मिळाल्यानंतर सुरू होते. शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत उरलेला पाय बारीक होत जातो आणि मापाची नळी सैल पडते. पावसाळ्यात आत ओल राहिली की कातडी सोलते. पट्टा तुटतो, रबर झिजते, वाढत्या मुलाला तर पाय लवकरच आखूड पडतो. सैन्यासाठीचे पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, मुंबईत हाजी अलीची राष्ट्रीय संस्था १९५५ पासून. पण उमरखेड किंवा झरी जामणीच्या शेतमजुराने सैल नळीसाठी तिथवर जायचे म्हणजे रोजी बुडवून, भाडे भरून जायचे. असा पाय मग घरात खुंटीला टांगला जातो.

म्हणून जिल्ह्यात जयपूर फूटचे शिबिर भरवणाऱ्या प्रत्येक मंडळाला, ट्रस्टला आणि लोकप्रतिनिधीला एक विनंती. वाटपाच्या पत्रकावरच दुरुस्तीची तारीखही छापा. सहा महिन्यांनी तोच कारागीर, तेच प्लास्टर आणि पाइप घेऊन त्याच गावी पुन्हा येऊ द्या, आणि शक्यतो पेरणीच्या आधी.