'ब' काविळीची सुई घरी घेताना

'ब' कावीळ यकृतात मुरली, की काही रोग्यांना डॉक्टर पेगइंटरफेरॉनची सुई लिहून देतात. ('क' काविळीवर आता बहुधा गोळ्याच देतात.) आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, पोटाच्या वा मांडीच्या कातडीखाली, सहसा ४८ आठवडे. जागा दर वेळी बदलावी. औषध फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठले तर ते वापरू नये. वापरलेली सुई उकिरड्यावर टाकाल तर दुसऱ्याच्या पायात जाईल आणि रोगही देईल; जाड डब्यात घालून दवाखान्यात द्या.

सुरुवातीला ताप, अंगदुखी येते. रात्री सुई घेतली तर बरेचसे झोपेत निभावते.

आम्हांला खरी काळजी वाटते ती मनाची. या औषधाने काहीजण उदास होतात, चिडतात, जीव नकोसा होतो. घरचे म्हणतात, 'आळशी झालाय.' तसं नाही हो, ते औषधानेही होते! असे दिसले की त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, पुढची सुई त्यांना विचारूनच. जीव देण्याची भाषा कानावर आली तर माणसाला एकटे सोडू नका. रक्ततपासणीची तारीख चुकवू नये. दारू तर पूर्ण बंद, सणासुदीलाही.